सांध्यांचा हिशेब कोण ठेवणार?

मुंबईत अंधेरीच्या पूर्व व पश्चिम भागांना रेल्वेमार्गावरून जोडणाऱ्या गोखले पुलाची पुनर्बांधणी होऊन त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी वाहतुकीस खुली झाली, तेव्हा तेथे एक चमत्कारिक दृश्य पाहावयास मिळाले. पूर्वी ज्या पुलास बर्फीवाला उड्डाणपूल सरळ येऊन मिळत असे, तो पूल आता वर होता आणि उड्डाणपूल खाली. दोहोंच्या पातळीत सुमारे दीड ते दोन मीटरांचे अंतर पडले होते. रेल्वेमार्गावर किती मोकळी उंची सोडावी याविषयीचे निकष मधल्या काळात बदलल्यामुळे नवा पूल उंच करावा लागला, असा खुलासा महापालिकेच्या बाजूने करण्यात आला. पुढे आयआयटी मुंबई आणि व्हीजेटीआय या संस्थांचा सल्ला घेऊन उड्डाणपुलाचा भाग जॅक लावून उचलण्यात आला, जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल पुन्हा जोडले गेले आणि मे २०२५ मध्ये संपूर्ण पूल खुला झाला. ३ जुलै २०१८ रोजी याच पुलाचा पादचारी भाग रेल्वेमार्गावर कोसळून दोघांचे प्राण गेले होते, हे ध्यानात घेतले तर एका पुलाची ही कथा जवळजवळ सात वर्षांची होते.

या प्रकरणात दोष कोणाचा, याची चर्चा पुष्कळ झाली. तीत पडण्याचे येथे प्रयोजन नाही. रेल्वे, महापालिका, सल्लागार आणि कंत्राटदार यांपैकी प्रत्येकाने आपापले काम आपल्या नियमाबरहुकूम केले, असे गृहीत धरले तरी एक गोष्ट शिल्लक राहतेच: जो सांधा जुळावयास हवा होता तो उद्घाटनाच्या दिवशी जुळलेला नव्हता. मग प्रश्न असा की, या न जुळलेल्या सांध्याची किंमत किती आणि ती कोणत्या वहीत लिहिली गेली? सार्वजनिक बांधकामाच्या अंदाजपत्रकात खोदकामाला दर असतो, काँक्रीटला असतो, सळईला असतो. दरसूचीत दगडाच्या वाहतुकीचाही दर सापडतो. पण दोन यंत्रणांचा परस्परांशी मेळ न बसल्यामुळे होणाऱ्या खर्चास तेथे रकाना नाही. हा खर्च होतो, नागरिक तो भरतात, आणि तरीही हिशेबात तो दिसत नाही.

सहकार्य या शब्दाविषयी आपल्याकडे आदर फार आणि विचार थोडा अशी स्थिती आहे. भूमिपूजनाच्या भाषणात तो हटकून येतो. काम रखडले की ‘समन्वयाचा अभाव’ या शब्दांनी त्याचे उत्तरकार्य होते. दोन्ही वेळा तो एक सद्गुण म्हणून उच्चारला जातो. वस्तुतः बांधकामाच्या संदर्भात सहकार्य हा खर्चाचा एक घटक आहे, सिमेंटइतकाच खरा. आणि सिमेंटच्या गोण्या मोजतात तसा तो मोजला पाहिजे. तो कसा मोजावयाचा, हाच अवघड भाग आहे.

दोघांनी उचललेले ओझे

ही अवघड जागा अर्थशास्त्राला अपरिचित नाही. आर्मेन आल्चियन आणि हॅरल्ड डेम्सेट्झ या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात एक साधे उदाहरण घेतले होते. दोन माणसे मिळून जड माल ट्रकमध्ये चढवीत आहेत. दिवसाअखेर किती माल चढला हे मोजता येते. पण त्यात पहिल्याचा वाटा किती आणि दुसऱ्याचा किती, हे नुसत्या चढलेल्या मालावरून सांगता येत नाही. संघाने केलेल्या उत्पादनाचे हे मूळ लक्षण होय: निष्पत्ती एकत्र असते, वाटे वेगळे काढता येत नाहीत, आणि म्हणून अंग चोरणाराही सहज लपतो.

बांधकाम हे अशा उत्पादनाचे टोकाचे उदाहरण आहे. कारखान्यात तीच माणसे तीच वस्तू वर्षानुवर्षे करतात. बांधकामात मालक, वास्तुरचनाकार, संरचना अभियंता, मुख्य कंत्राटदार, त्याचे उपकंत्राटदार, सेंटरिंगवाले, सळई बांधणारे, नळकाम व वीजकाम करणारे असे सारे एका कामापुरते एकत्र येतात आणि काम संपताच पांगतात. संरचनेची रेखाचित्रे ज्याने काढली त्याला जागेवरची जमीन पाहावी लागतेच असे नाही. जो जमीन खोदतो त्याला रेखाचित्र बदलण्याचा अधिकार नसतो. एकाची चूक दुसऱ्याच्या कामात प्रकट होते आणि तिसऱ्याच्या देयकात भरून निघते. भिंत उभी राहिल्यावर वीजवाहिनीसाठी ती पुन्हा फोडली जाते, हे प्रत्येक गृहस्थाने स्वतःच्या घरात पाहिलेले आहे. गवंड्याने भिंत नीट बांधली, वायरमनने वाहिनी नीट टाकली, गिलावाही चांगला झाला. तरी भिंत दोनदा बांधली गेली. यात दोष दोघांपैकी कोणाच्या कामाचा नव्हे, दोघांमधल्या जागेचा आहे.

वाढलेला खर्च काय सांगतो?

तर मग सहकार्याचा परिणाम मोजण्याचा सर्वांत सरळ मार्ग कोणता? वरवर पाहता असे वाटेल की, मूळ खर्च आणि अखेरचा खर्च, मूळ मुदत आणि प्रत्यक्ष मुदत यांतील फरक काढला की झाले. केंद्र सरकारचे सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय १५० कोटी रुपये वा त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांचा असा आढावा घेतच असते. त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पण या फरकातून सहकार्याविषयी फारसे काही कळत नाही.

विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पाचेच पाहा. १९८३ साली त्याचा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. २०१२-१३ च्या दरपातळीनुसार तो १८ हजार कोटींच्या वर गेला. या वाढीत महागाई आहे, भूसंपादन आहे, पुनर्वसन आहे, व्याप्तीतील बदल आहेत, आणि चौकशीचा विषय झालेला कारभारही आहे. या ढिगाऱ्यातून अभियंता आणि कंत्राटदार यांच्यातील मेळाचा वा बेबनावाचा वाटा वेगळा काढणे केवळ अशक्य होय. शिवाय मूळ अंदाज प्रामाणिक होता असे मानण्यासही आधार लागतो. बेंट फ्लुबियर्ग या डॅनिश अभ्यासकाने आपल्या सहकाऱ्यांसह २००२ साली जगभरातील २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर दहांपैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा अधिक झाला होता. रेल्वे प्रकल्पांत ही वाढ सरासरीने ४५ टक्के, तर रस्त्यांच्या कामांत २० टक्के होती. चुका जर निव्वळ अनवधानाने झाल्या असत्या, तर काही अंदाज जास्त आणि काही कमी निघाले असते. बहुतेक सारे एकाच दिशेने चुकतात, याचा अर्थ मंजुरी मिळावी म्हणून अंदाज मुळातच कमी दाखविले जातात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ज्या गजाने मोजावयाचे तोच आखूड असेल, तर कापड वाढले की गज चुकला हे कसे ठरवावयाचे?

दुसरा प्रचलित मार्ग प्रश्नावलीचा. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासांत काम संपल्यावर संबंधितांना विचारले जाते: तुमच्या संघात परस्परविश्वास होता काय? माहितीची देवाणघेवाण मोकळी होती काय? एक ते पाच गुण द्या. मग या गुणांचा प्रकल्पाच्या यशाशी संबंध जोडला जातो, आणि तो बहुधा उत्तम जुळतो. जुळणारच. जे काम वेळेत झाले, ज्यात कंत्राटदाराला नफा झाला आणि अभियंत्याला शाबासकी मिळाली, त्यातील माणसांना मागे वळून पाहताना सर्वत्र स्नेहच दिसतो. जे काम फसले त्यातील माणसांना एकमेकांचा कावाच आठवतो. सहकार्यामुळे यश आले की यशामुळे सहकार्य आठवले, हे अशा गुणांवरून कळत नाही. लग्न थाटात झाले की दोन्हीकडची मंडळी एकमेकांची तारीफ करतात. त्यावरून आधीची बोलणी कशी झाली होती याचा अंदाज कोणी बांधू नये.

कोकण रेल्वेचा धडा आणि त्याची मर्यादा

यशस्वी प्रकल्पाचे उदाहरण देऊन सहकार्याचा महिमा सिद्ध करण्याची पद्धतही अशीच सावधपणे पाहिली पाहिजे. महाराष्ट्रात हे उदाहरण साहजिकच कोकण रेल्वेचे दिले जाते. १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा होता. म्हणजे ज्यांच्या भूमीवरून मार्ग जावयाचा त्यांतील राज्ये आणि मार्गाच्या पलीकडच्या टोकाला असलेले केरळ हे सारे भागीदार झाले. मार्ग सात विभागांत वाटण्यात आला आणि प्रत्येक विभागाच्या मुख्य अभियंत्यास जागेवर निर्णय घेण्याचे व्यापक अधिकार देण्यात आले. सह्याद्रीचे उतार, खाड्या आणि ठिसूळ माती यांतून सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णत्वास गेला. निर्णय घेणारा आणि खोदणारा यांच्यातील अंतर कमी केले की काम वेगाने होते, या म्हणण्याला हा इतिहास पुष्टी देतो यात शंका नाही.

परंतु पुरावा म्हणून तो पुरेसा आहे काय? येथे महामंडळ स्वायत्त होते, कर्जरोख्यांतून पैसा उभारण्याची मुभा होती आणि ई. श्रीधरन यांच्यासारखा कर्तबगार प्रमुख होता. यांपैकी कशामुळे किती झाले? शिवाय याच प्रकल्पात गोव्यातील मार्गआखणीच्या वादामुळे १९९३ मध्ये काम थबकले होते. म्हणजे अभियंते आणि कंत्राटदार यांचा मेळ उत्तम असूनही ज्यांच्या गावांतून मार्ग जाणार त्यांचा मेळ घातला गेला नव्हता. एकटे उदाहरण प्रेरणा देते. प्रमाण देत नाही. सहकार्याने काम चांगले होते, हे म्हणणे आणि या कराराऐवजी तो करार केला असता तर इतके रुपये आणि इतके दिवस वाचले असते, हे म्हणणे यांत तोच फरक आहे.

कॅलिफोर्नियातील वाढीव कामे

असे प्रमाण मिळविण्याचा एक चांगला प्रयत्न कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांच्या बाबतीत झाला आहे. पॅट्रिक बजारी, स्टेफनी हाउटन आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील महामार्ग विभागाच्या निविदा आणि नंतर झालेले करारबदल यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी कोणालाही मते विचारली नाहीत. निविदेत कंत्राटदाराने कोणत्या बाबीस काय दर भरला आणि पुढे काम बदलले तेव्हा काय घडले, एवढेच पाहिले. काम चालू असताना बदल होणार, त्यावर घासाघीस होणार, काही दिवस यंत्रे उभी राहणार, हे अनुभवी कंत्राटदाराला आधीच ठाऊक असते. म्हणून त्या त्रासाची किंमत तो निविदेतच मिळवून ठेवतो. बदलास जुळवून घेण्याचा हा खर्च यशस्वी निविदेच्या रकमेच्या सरासरीने साडेसात ते चौदा टक्के भरतो, असा त्यांचा अंदाज आहे.

हा आकडा जसाच्या तसा उचलून महाराष्ट्रास लावता येणार नाही. तेथील कायदा, न्यायालये आणि बाजारपेठ निराळी आहे. पण पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या प्रमाणात पाहिले तर शंभर कोटींच्या कामात साडेसात ते चौदा कोटी रुपये दगडमातीवर खर्च होत नाहीत. ते भांडणावर आणि भांडणाच्या भीतीवर खर्च होतात. यात काम रखडल्यामुळे अडकून पडलेल्या पैशाचे व्याज धरलेले नाही. साठ कोटी रुपये खर्चून पूल उभा आहे आणि जोडरस्त्याअभावी तो वर्षभर वापरात नाही, असे झाले तर आठ टक्के दराने चार कोटी ऐंशी लाख रुपये केवळ व्याजाचे होतात. तेही कोणत्याच देयकात दिसत नाहीत.

आपल्याकडील निविदापद्धती या खर्चाला खतपाणी घालते. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देण्याचा नियम वरवर काटकसरीचा दिसतो. प्रत्यक्षात कमी दर भरून काम पदरात पाडून घ्यावयाचे, मग वाढीव बाबी आणि सुधारित प्रशासकीय मान्यता यांच्या वाटेने तोटा भरून काढावयाचा, असा शिरस्ता पडू शकतो. ‘सुप्रमा’ हा संक्षेप पाटबंधाऱ्यांच्या संदर्भात घरोघर माहीत झाला, याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. केंद्रीय अर्थमंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सर्वसाधारण सूचनांत काही कामांसाठी दराबरोबर गुणवत्तेलाही भार देण्यास वाट करून दिली. पुढे जून २०२४ मध्ये त्याच मंत्रालयाने सरकारी खरेदी-करारांतील लवादाची तरतूद सामान्यतः दहा कोटी रुपयांखालील वादांपुरती ठेवावी आणि मोठ्या वादांत मध्यस्थीवर भर द्यावा, अशा मार्गदर्शक सूचना दिल्या. वाद मिटविण्याचा मार्ग बदलल्याने वाद कमी होतील की केवळ न्यायालयाच्या दारात जाऊन उभे राहतील, हे सांगण्यासाठी आधी किती वाद होते, कशावरून होते आणि किती दिवस चालले, याची नोंद हवी. मोजमापाविना धोरण बदलणे म्हणजे ओळंबा न लावता भिंत चढविणे होय.

सहकार्य आणि संगनमत

येथे एक आक्षेप हटकून घेतला जाईल, आणि तो गंभीर आहे. सरकारी अभियंता आणि कंत्राटदार यांच्यात सहकार्य वाढवा, असे म्हणणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली देण्यासारखे नाही काय? आपल्या बांधकाम खात्याची सारी रचनाच अविश्वासावर उभी आहे. मोजमाप पुस्तिकेत अभियंत्याने जागेवर जाऊन माप घ्यावे, स्वाक्षरी करावी, वरिष्ठाने ठराविक प्रमाणात ते तपासावे, खाडाखोड करू नये, हे सारे नियम अनुभवातून आलेले आहेत. लेखापरीक्षकाचे सौजन्याशी वैर नसते. पण दोन पक्षांचे फारच जमते आहे असे दिसले की तो चष्मा पुसून पुन्हा पाहतो, आणि ते योग्यच आहे.

तथापि हा आक्षेप मोजमापाच्या विरुद्ध जात नाही. उलट मोजमापाची निकड दाखवितो. सहकार्य आणि संगनमत ही दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात: दोन माणसे चहा पीत बोलत आहेत आणि काम अडत नाही. फरक असतो तो मागे राहणाऱ्या खुणांत. सहकार्य असेल तर शंकेला लेखी उत्तर लवकर मिळते, चूक लवकर कबूल होते, पुन्हा करावे लागणारे काम घटते. संगनमत असेल तर वादही नसतात आणि उत्तरेही नसतात. वाढीव बाबी मात्र विनातक्रार मंजूर होत जातात. एकही वाद न झालेले, पण मंजूर रकमेच्या दीडपट खर्चाचे काम हे सहकार्याचे नव्हे, चौकशीचे उदाहरण आहे. म्हणून ‘वाद किती’ हा एकच आकडा घेऊन चालणार नाही. एकच माप ठरविले की माणसे ते माप सांभाळतात आणि काम सोडून देतात, ही गोष्ट अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडली. ती बांधकामासही लागू पडते. परस्परांना पडताळून पाहतील अशी चार-पाच मापे एकत्र ठेवावी लागतात.

पाच नोंदी

ती मापे काही गूढ नाहीत. पहिले माप उत्तरास लागलेल्या दिवसांचे. कंत्राटदाराने शंका कोणत्या तारखेस विचारली आणि निर्णय कोणत्या तारखेस मिळाला? दुसरे, आठवड्याच्या वचनांचे. सोमवारी जी कामे करू असे सर्वांनी मिळून ठरविले त्यांतील किती शनिवारी पुरी झाली? ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेगरी हॉवेल या अमेरिकन अभियंत्यांनी १९९० च्या दशकात हे माप रूढ केले, तेव्हा नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या कामांत ठरविलेल्यांपैकी जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक कामे वेळेत होतात असे त्यांना आढळले होते. वचन का मोडले, याचे कारण त्याच दिवशी नोंदले तर दोष कोणत्या सांध्यात आहे हे उघड होते: रेखाचित्र आले नाही, माल आला नाही, की आधीच्या तुकडीने जागा मोकळी केली नाही. तिसरे माप पाडून वा फोडून पुन्हा केलेल्या कामाचे. चौथे, चालू देयक सादर झाल्यापासून पैसे हाती पडेपर्यंतच्या दिवसांचे. कारण ज्याचे पैसे अडकले आहेत त्याच्याकडून मोकळेपणाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे, आणि मुख्य कंत्राटदाराने उपकंत्राटदाराला किती दिवसांनी दिले हेही त्यात यावयास हवे. पाचवे, वाद आणि वाढीव बाबी यांचे: किती निघाल्या, जागेवर किती मिटल्या, वर किती गेल्या आणि किती रकमेच्या होत्या.

यावर, आणखी एक तक्ता कशाला, अशी कुरकूर कार्यालयांतून होईल. पण यांपैकी बहुतेक तारखा आजही लिहिलेल्या असतातच. आवक-जावक नोंदवहीत पत्राचा क्रमांक आणि दिनांक असतो. मोजमाप पुस्तिकेत मापाचा दिनांक असतो. धनादेशाचा वा बँक हस्तांतरणाचा दिनांक तर असतोच असतो. त्या एकाशेजारी एक मांडल्या जात नाहीत, एवढेच. मांडल्या तर प्रत्येक विभागाचे चित्र कोणाचेही मत न विचारता उभे राहील.

आणि कारण व परिणाम यांची गल्लत टाळण्याचाही मार्ग आहे. सार्वजनिक बांधकाम विभाग एकाच प्रकारची शेकडो कामे करीत असतो: छोटे पूल, शाळाखोल्या, आरोग्य केंद्रे. नवी करारपद्धती, उदाहरणार्थ जागेवरची साप्ताहिक बैठक, ठराविक दिवसांत उत्तराचे बंधन आणि वाचलेल्या खर्चात दोघांचा वाटा, ही सर्वत्र एकदम लागू करण्याऐवजी सारख्या कामांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या कामांना आधी लावावी. मग दोन्ही गटांतील या पाच मापांची आणि अखेरच्या खर्चाची तुलना करावी. चिठ्ठीला कोणाची मर्जी नसते. त्यामुळे चांगल्या अभियंत्याकडेच चांगला करार गेला असे म्हणण्यास जागा राहत नाही. दारिद्र्याच्या प्रश्नावर ही प्रयोगपद्धती वापरणाऱ्या अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाची आणि शाळेतील पाठाची परीक्षा जशी होते तशी पुलाच्या कराराची का होऊ नये?

संघात कोण?

अखेरचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. सहकार्य मोजावयाचे तर संघाची सीमा कोठे आखावयाची? ब्रिटनमध्ये बांधकाम-उद्योगातील भांडखोरपणावर सर मायकेल लेथम यांनी १९९४ साली आणि सर जॉन ईगन यांनी १९९८ साली गाजलेले अहवाल दिले. त्याच विचारांच्या प्रभावात लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे पाचवे टर्मिनल उभे राहिले. जोखीम कंत्राटदारांवर न ढकलता विमानतळाच्या मालक कंपनीने ती स्वतःकडे ठेवली आणि सर्वांनी एक संघ म्हणून काम करावे असा करार केला. सुमारे ४ अब्ज ३० कोटी पौंडांचे ते काम मुदतीत आणि खर्चाच्या मर्यादेत पुरे झाले. ही गोष्ट जगभर वाखाणली गेली. पण २७ मार्च २००८ रोजी टर्मिनल सुरू झाले त्या पहिल्याच दिवशी सामानाची व्यवस्था कोलमडली, उड्डाणे रद्द झाली आणि प्रवाशांच्या हजारो बॅगा पडून राहिल्या. इमारत बांधणाऱ्यांचा मेळ बसला होता. ती चालविणाऱ्यांचा बसला नव्हता. मापाची सीमा बांधकामापाशी थांबविली तर हा प्रकल्प सर्वोत्तम ठरतो, पहिल्या प्रवाशापर्यंत नेली तर त्याची नामुष्की होते.

आपल्याकडे ही सीमा दुसऱ्याही टोकाला आखूड पडते. सल्लागाराच्या बैठकीत जे बसतात त्यांच्या सहकार्याची चर्चा होते. पण स्लॅबवर काँक्रीट ओतताना टेकू हलतो आहे हे ज्याला प्रथम दिसते तो बिगारी त्या संघात नसतो. तो मुकादमाला सांगतो, मुकादम उपकंत्राटदाराच्या माणसाला सांगतो, आणि तेथून पुढे ती गोष्ट जाईलच असे नाही. काम थांबले तर रोज बुडण्याची भीती प्रत्येक पायरीवर असते. म्हणून वर सांगितलेल्या पाच मापांना सहाव्याची जोड द्यावी लागेल: धोक्याची सूचना खालून किती वेळा आली आणि ती आल्यावर काम किती वेळा थांबविले गेले. ज्या कामावर वर्षभरात अशी एकही सूचना नोंदलेली नाही ते काम निर्धोक आहे असे मानू नये. तेथे सांगण्याची सोय नाही, असेच मानावे. खर्च आणि मुदत यांचे नुकसान पुढे भरून काढता येते. या सांध्यात जे नुकसान होते ते भरून येत नाही.

महाराष्ट्रात रस्ते, मेट्रो, पूल आणि जलवाहिन्या यांवर येत्या काळात प्रचंड पैसा खर्च होणार आहे, आणि त्यांतील क्वचितच एखादे काम एका यंत्रणेच्या हद्दीत संपणारे असेल. प्रत्येक कामात रेल्वेची, महापालिकेची, वीज कंपनीची वा वनखात्याची सीमा कोठे ना कोठे भेटणारच. या भेटीच्या जागी काय घडले याच्या सहा नोंदी ठेवाव्यात आणि दर तिमाहीस त्या कामाच्या जागेवरील फलकावर व खात्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध कराव्यात, ही मागणी मोठी नाही. त्यासाठी नवा कायदा नको, नवे महामंडळही नको. एक शासन निर्णय पुरेसा आहे. पूल किती लांब, किती रुंद आणि किती कोटींचा, हे फलकावर आजही लिहिलेले असते. दोन यंत्रणांमधील शंकेचे उत्तर किती दिवसांनी मिळाले, हेही तेथेच लिहिले जाऊ लागले, तर पातळीतील दोन मीटरांचा फरक उद्घाटनाच्या दिवसापर्यंत थांबणार नाही. तो कागदावर असतानाच कोणाच्या तरी नजरेस पडेल.